पाठवणीची कॅसेट

धुळ्यात आमच्या शेजारी राहणारे आबा प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायचे आणि पुष्कळदा तेवढ्यावरच थांबायचे. त्यांची एकुलती एक मुलगी पहिल्याच बाळंतपणात गेली. तिच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट तेवढी घरात राहिली होती. शूटिंगवाल्याने तिच्यावर सगळीकडे सनई भरली होती, माणसांचा आवाज कुठेच ठेवला नव्हता.

आबा रोज संध्याकाळी टीव्हीचा आवाज बंद करून ती लावायचे. मीही कधीकधी जाऊन बसायचो. पाठवणीच्या वेळी मुलगी त्यांच्याकडे वळून काहीतरी बोलते, तिथे ते पुढे झुकायचे. ती काय म्हणाली, ते त्यांना काही केल्या आठवत नव्हतं. त्यांच्या पत्नीला, अक्कांना, ते पाहवत नसे. त्या स्वयंपाकघरातच थांबायच्या आणि आबाही त्यांना कधी काही विचारत नसत.

एकदा मात्र अक्का दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मुलीचे ओठ हलले तशा त्या हळूच, अगदी तिच्याच लयीत बोलल्या, "आबा, टाइमवर जेवी ल्या बरं."

ओठ आणि शब्द तंतोतंत जुळले. आबा उठून उभे राहिले.

"हाव बेटा, जेवस मी," ते म्हणाले.

तोवर मुलगी गाडीत बसली होती.

त्यानंतर ती कॅसेट लागली नाही. काही दिवसांनी मी कारण विचारलं, तेव्हा आबा म्हणाले, "आधी नुसतं चित्र व्हतं. आते ती खरीच घर येस. परत परत कशी धाडू तिले?"