चाकाला पाजलेली दारू

होळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळी सव्वादहा. कशेळ्याच्या रस्त्यावर नाकाबंदी. मागितलेली रक्कम तीन हजार. हजर: एक हवालदार, एक शिपाई, मी, आणि माझ्या जीपमधली अकरा माणसं. सगळी आमच्या ठाकूरवाडीची, बाजाराला निघालेली.

हवालदारानं खिडकीतून नाक आत घातलं.

"उतर रं. सकाळीच लावली का वाडीवाल्यांनी?"

वास होता, हे खरं. मोहाच्या पहिल्या दारूची धार आम्ही देवाला सोडतो. ज्याचं पोट गाडीवर, त्याच्या चाकालाही सोडतो. माझ्या चुलतीनं निघताना चाकावर आणि पायरीवर सोडली होती. मी पाणी मारायला हवं होतं. मारलं नाही. पण मी स्वतः आजवर एक थेंब घेतलेला नाही.

"साहेब, मी नाय प्यालो. चाकाला पाजलीय."

"मग चाकालाच फुंकायला लावू का?"

दोघं हसले. मी म्हणालो, मशीन आणा, मी फुंकतो. मशीन बंद होतं.

"त्या पांढऱ्या पट्टीवर चाल. वीस पावलं."

माझं लायसन त्याच्या खिशात होतं. ते गेलं तर जीप दारात उभी. घरात खाणारी पाच. मी चालू लागलो. एवढ्यात फार्महाऊसकडची मोठी गाडी आली. चालवणाऱ्याच्या हातात बिअरचा डबा. हवालदारानं हात हलवून तिला वाट दिली.

बाराव्या पावलाला माझा पाय पट्टीबाहेर पडला. भीतीनं.

"बघ! दहा हजार दंड, लायसन रद्द. नायतर इथंच तीन हजारात मिटव."

मी पैसे काढले नाहीत.

"मग एका पायावर उभा ऱ्हा. पन्नासपासून उलटं मोज."

अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, भर रस्त्यात, एका पायावर. मोजत होतो. एकही आकडा चुकला नाही. पण तोल जात होता. सदतीसवर जीपमधून चुलती ओरडली, "आरं, पडशील रं!"

तेव्हा कळलं. पडलो की प्यालेला ठरलो. आणि घाबरलेला माणूस कधीतरी पडणारच.

मी पाय खाली टेकवला.

"आता नाय मोजत, साहेब. सरकारी दवाखान्यात न्या. रक्त काढा."

दोनदा म्हणालो. मग चुलती खाली उतरली. तिच्यामागून बाकीचे दहाजण. नुसते उभे राहिले. एवढे साक्षीदार बघून हवालदार न्यायला तयार झाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी तोंडाचा वास घेतला, चालवून पाहिलं, रक्त काढलं. कागदावर लिहिलं: दारू प्यालेली नाही. त्याची नक्कल मी मागून घेतली.

मग हवालदारानं जीपमधली माणसं मोजली. परवाना नऊजणांचा, बसलेले अकरा. ती चूक माझी. मी कबूल केली.

मी अजून घाबरतो. पण पट्टीवर पुन्हा चालणार नाही. मशीन आणा, नाहीतर दवाखान्यात न्या. तिसरं काही नाही.

दोन जादा माणसांचे चारशे रुपये सरकारात भरले, पावती घेऊन. हवालदाराला एक पैसा दिला नाही.