नाल्यातले सहाकोनी दगड

आत्याचे डोळे काचबिंदूने चालले होते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही. हे ऐकून माणूस निदान एक दिवस रडतो. आत्याने कॅनव्हासचे बूट विकत घेतले.

"नजर हाये तवर ते दगड पाहून येतो," ती म्हणाली.

आत्याने यवतमाळला जन्मभर भूगोल शिकवला. पूर्वी कधी निवडणुकीच्या ड्यूटीवर झरीकडच्या एका गावी गेली असताना तिने तिथल्या नाल्यात दगडी खांब पाहिले होते. लाव्हा थंड होताना तडकून झालेले, सहा कोनांचे, मधाच्या पोळ्यासारखे एकमेकांना चिकटून उभे. तेव्हापासून घरात कोणी ताजमहालाचं नाव काढलं की ती या नाल्याचं काढायची.

गावापर्यंत एसटी जात होती. पण एसटीतून जमीन दिसत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून घाटंजी, पांढरकवडा करत पायी, वाटेत तिच्या जुन्या विद्यार्थिनींकडे मुक्काम. सोबत मी, म्हणजे ओझ्याला. त्यात तिचा हट्ट, की मी पांढरी ओढणीच घ्यायची. धुळीच्या वाटेवर पांढरी ओढणी! मी चिडचिडले, पण घेतली.

पळस फुलला होता. शेतात कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उभी होती आणि वेचलेला कापूस भावाअभावी घरातच पडून होता. त्याच्या ढिगाला टेकून आम्ही झोपायचो आणि सकाळी अंग खाजवत उठायचो. उतारावर आत्या माझा खांदा धरून चालायची. इथे टेकडी कापून रस्ता काढलाय, असं मी म्हटलं की विचारायची, "लाल पट्टा दिसते का?"

काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये खरोखरच विटेच्या रंगाचा पट्टा असायचा. मी हो म्हटलं की ती खुलायची. "खालचा लाव्हा थंडा झाला. मंग लय जमाना गेला, माती झाली, झाडं आली. अन् मंग वरून दुसरा लाव्हा. पट्टा म्हंजे तो मंधातला जमाना." हे ऐकलं की पायाखालच्या रोजच्या जमिनीची मला धास्ती वाटायची.

शेतकरी आत्महत्यांच्या त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरचं माणूस आलं, की ते सरकारी पाहणीला आलं असंच लोक धरून चालायचे. पाहणी येणार कळलं की गाव चुना आणि गेरू काढायचं. झाडांचे बुंधे, शाळेसमोरचे दगड, सगळं खाली लाल, वर पांढरं. आम्हा दोघींनाही हातातला चहा थांबवून विचारायचे, "कोन्या पथकाच्या तुमी?" आत्या सांगायची, दगड पाहायला निघालोय. एक म्हातारे गंभीरपणे म्हणाले, "दगडायची बी पाहनी निंगाली का आता?" आम्ही दिवसभर हसलो.

नाल्याच्या त्या शेवटच्या गावची सरपंचही आत्याची विद्यार्थिनी. आत्याने तिला फोनवर कळवलं होतं, नाल्यातले दगड पाहायला येतोय. ती वेशीवर नारळ घेऊन उभीच होती. आधी नाल्यावर जाऊ, असं मीच म्हटलं. काठावर पोचले आणि मला काही समजेना. समोर ओली माती, पहारींचे घाव, बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि मोठं खिंडार. खांब एकही नाही.

"इथं नाही, शाळेत," सरपंच हसून म्हणाली. "बाईनं या वयात नाल्यात कुठं उतराव? म्हून आमीच वरते आनले. सारं गाव लागून होतं. काही मोडले, पन चांगले चांगले लावले."

शाळेच्या फाटकापासून व्हरांड्यापर्यंत दोन रांगा होत्या. खाली गेरू, वर चुना. त्या दगडांना सहा कोन होते. साडेसहा कोटी वर्षं जे जागचं हललं नाही, ते या लोकांनी आमच्या स्वागतासाठी उपटलं होतं. मी तोंड उघडणार, तोच आत्याने माझा खांदा सोडला आणि एकटी, सरळ, न अडखळता पहिल्या दगडापाशी गेली. वाकून तिने सगळे कोन चाचपले.

"चांगले दिसतात नं, बाई?" सरपंचने विचारलं.

"दिसतात," आत्या म्हणाली. "लय मस्त दिसतात."

सरपंच चहा आणायला गेली तशी मी आत्यावर उखडले. "तोंडदेखलं कशाला बोललीस? त्यांनी वाटोळं केलं, आत्या. तुझे खांब आता परत कधी उभे राहणार नाहीत."

"मले समजते," ती म्हणाली. तिच्या गालावर चुना लागला होता, डोळे पुसताना लागला असावा. "पन नाल्यात असते त मले दिसलेच नसते. काळ्यात काळं. घाटंजीच्या पुढं मले तुही ओढनी सोडून काहीच दिसून नाही राह्यलं."

म्हणजे पळस नाही, टेकड्या नाहीत, एकही लाल पट्टा नाही. ती मला विचारत होती आणि मी सांगत होते तेवढंच.

ओढणी इतक्या दिवसांत मातकट झाली होती. परतीच्या एसटीला वेळ होता. मी शाळेच्या हापशीवर ती धुतली, पिळली आणि ओलीच खांद्यावर घेतली.