थोरल्याचं पान

दुकान दिवाळीआधी रिकामं करायचं ठरलं, तेव्हा काकांनी नागपूरच्या एका माणसाला फोन केला. हा माणूस रीळवाले जुने कॅमेरे जमवतो. तो म्हणाला, कॅमेरे मी नीट ठेवीन, पण आधी ते नेमके कोणते आहेत ते कळू द्या. आणि त्यानं एसटीच्या पार्सलनं तीन पुस्तकं पाठवून दिली. जुने कॅमेरे जमवणाऱ्यांसाठी काढलेली, इंग्रजी, मांडीवर घेतली की पाय बधिर होतील एवढी जड. एकेक कॅमेरा त्यांत शोधायचा, पानाचा आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि ती कॅमेऱ्याला चिकटवायची. ज्याचं पान सापडेल तो नागपूरला जाणार.

मी दिग्रसला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज सुटल्यावर काकांच्या फोटो स्टुडिओत पासपोर्ट फोटो कापते, झेरॉक्स काढते. काका नात्यातले नाहीत, सगळा बाजारच त्यांना काका म्हणतो. पुस्तकं आली त्या दिवशी त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली.

"कॉलेजात जाते ना तू? मंग वाच."

"काका, माझं इंग्रजी एवढं चांगलं नाही."

"माह्यापेक्षा तं आहे ना?"

मी पहिलं पुस्तक उघडलं. आमच्या बंजारा तांड्यावरही असंच आहे. कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणून औषधाच्या बाटलीपासून बँकेच्या मेसेजपर्यंत सगळं माझ्याकडे येतं. येत नाही असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

काम दिसायला सोपं होतं. पण पुस्तकांत कॅमेरे कंपनीच्या नावानं लावलेले, आणि काकांच्या कपाटातल्या अर्ध्या कॅमेऱ्यांवरची नावं घासून गेलेली. काकांची त्यांना स्वतःची नावं होती. वाकडी चावी असलेला तो लंगडा. अपघाताच्या पंचनाम्याला न्यायचे तो पोलीसवाला. ही नावं पुस्तकात कुठून असणार? मी खिडक्या किती, रीळ फिरवायची चाकी कोणत्या बाजूला, मागचं झाकण कसं उघडतं, हे पाहून चित्रं जुळवायला लागले. एक शब्द मोबाइलवर शोधावा, तर त्याच्या अर्थात आणखी दोन न कळणारे शब्द निघत. संध्याकाळपर्यंत मान आखडायची. कधीकधी जुळलेला कॅमेरा दुसऱ्या दिवशी पाहिला की तो दुसराच वाटायचा, मग चिठ्ठी काढून पुन्हा सुरुवात.

काका रोज शटर ओढायच्या आधी एकच विचारायचे.

"थोरल्याचं पान भेटलं का?"

थोरला म्हणजे त्यांचा पहिला कॅमेरा. दसऱ्याला शस्त्रपूजेत पहिलं कुंकू त्याला लागे, त्याच्या कातड्याच्या शिवणीत ते अजून बसलेलं होतं. काकांची मुलं पुण्याला असतात, त्यांना यातलं काही नको होतं. दुकानात आता मोबाइल दुरुस्ती येणार होती. बाकीचे कॅमेरे गेले काय, राहिले काय, काका फार बोलत नसत. थोरला मात्र भंगारात जाऊ नये, तो बाकीच्यांसोबत कुठंतरी काचेआड राहावा, एवढं त्यांच्या मनात होतं. त्यांनी ते सांगितलं नाही, पण त्या रोजच्या विचारण्यातून मला कळत होतं.

मी तिन्ही पुस्तकं पुन्हा पुन्हा उलटली. थोरल्यासारखा कॅमेरा एकाही चित्रात नव्हता.

शेवटी मीच विचारलं, "काका, हा असाच घेतला होता का?"

"असाच कसा? एका वरातीत पडला, लेन्स फुटली. अकोल्याच्या मिस्त्रीनं दुसऱ्या एका बिघडेल कॅमेऱ्याची लेन्स बसवून देली. कातडं जोडे शिवणाऱ्याकडून लावलं. तवापासून मागचं झाकण पुरं बसत नाही. उजेड शिरते. हर फोटोत कोपऱ्यात पांढरी रेघ."

"मग गिऱ्हाईक काही म्हणायचे नाहीत?"

"फ्रेमवाल्या फोटोत मी थे रेघ कापून टाको. बिनफ्रेमवाला फोटो कोण पाह्यते एवढा?"

मी थोरल्याचं झाकण दाबून पाहिलं. आमच्या घरात दादीचा एकच फोटो आहे, बिनफ्रेमचा, पत्र्याच्या पेटीत. फेटियाचा घागरा नेसून, कपाळावर हात आडवा धरून ती उभी आहे आणि वरच्या कोपऱ्यातून एक पांढरी रेघ तिच्या खांद्यापर्यंत येते. याडी, म्हणजे माझी आई, सांगते की त्या दिवशी ऊन फार होतं.

आता शरीर आणि लेन्स वेगवेगळी शोधली, तेव्हा थोरल्याची दोन पानं सापडली. एका पुस्तकात शरीर, दुसऱ्यात लेन्स. आणि तिसऱ्या पुस्तकात, सुरुवातीलाच, असे जोडलेले कॅमेरे कसे ओळखावेत यावर एक उतारा. मी तो काकांना जमेल तसा मराठीत वाचून दाखवला. असा कॅमेरा मूळ नव्हे. जमवणाऱ्यांनी त्याच्यापासून सावध राहावं.

काका बराच वेळ काउंटर पुसत राहिले.

"सावध कायले राहावं? चावते का थो?" मग म्हणाले, "दोनी पानं लिव. पाहू काय म्हणते."

मी दोन चिठ्ठ्या चिकटवल्या.

नागपूरचा माणूस भर दुपारी गाडी घेऊन आला. भला माणूस होता. प्रत्येक चिठ्ठी पुस्तकाशी ताडून पाहत होता. लंगड्याचं पान मी चुकवलं होतं, ते त्यानं न रागावता दुरुस्त केलं. एकेक कॅमेरा कागदात गुंडाळून खोक्यात गेला. थोरला शेवटी आला.

"दोन पानं?" तो हसला. "बरोबर शोधलंत. काका, हा असा मला ठेवता येणार नाही. पण लेन्स चांगली आहे. तेवढी द्याल? माझ्याकडे तिचा मूळ कॅमेरा आहे, बिनलेन्सचा. त्याला बसेल."

काकांनी माझ्याकडे हात केला. "बारका पेचकस दे."

मी ड्रॉवरमध्ये उगाच वेळ काढला. शेवटी दिला. काकांनी पहिल्या स्क्रूवर टोक टेकवलं, आणि तसेच थांबले.

तेव्हा मी म्हणाले, "काका, आमच्या घरी ह्यानं काढलेला फोटो आहे. माझ्या दादीचा. रेघ आहे त्यात."

त्यांनी मान वर केली. "बिनफ्रेमचा?"

"हो."

"कापाले पाह्यजे होती मी." ते ओशाळले होते.

"नाही काका, चांगली दिसते. घरचे म्हणतात ऊन आहे."

नागपूरचा माणूस घड्याळाकडे पाहत नव्हता, पण घाईत होता हे दिसत होतं. काकांनी पेचकस खाली ठेवला.

"राहू द्या साहेब. लेन्स गेली तं मंग हा कोनी नाही."

"विचार करा. घरी नुसता पडून राहील."

"पडू द्या. मी बी पडूनच राहीन आता."

तो खोकं आणि तिन्ही पुस्तकं घेऊन गेला. पुस्तकं जाताना मला बरं वाटलं. वाईटही वाटलं असावं, पण मी फार दमले होते.

रिकाम्या कपाटात थोरला एकटा होता. आता उपयोग नाही म्हणून मी त्याच्या चिठ्ठ्या नखानं सोडवायला लागले.

"राहू दे त्या," काका म्हणाले. त्यांनी त्याला गळ्यातल्या दुपट्ट्यात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. "घरी बुढी म्हणन, हे कायले आणलं. तिले दाखवतो, दोन दोन पानं आहेत ह्याच्यावर."

शटर आम्ही दोघांनी मिळून ओढलं. बसमध्ये जागा नव्हती. तांड्याच्या फाट्यापर्यंत मी उभ्यानंच आले. थोरल्याचं मी घरी रोज सांगायचे. याडीनं भाकर पुढे ठेवली आणि विचारलं, "त्या कॅमेऱ्याचं झालं का काही?"

"काकांच्या घरी गेला."

"बरं झालं. जेव आता."