शून्यावर खूश होणारा मामा

लातुरात राहून शून्य मार्कांवर जीव टाकणारा माणूस एकच झाला, आणि तो म्हणजे माझा मामा. आमच्या लातूरची ख्याती तुम्हाला ठाऊकच असेल. इथला रिक्षावाला भाडं सांगायच्या आधी पोरीला बारावीला किती पडले ते सांगतो. अशा गावात मामा एका हॉस्पिटलात डॉक्टर होता, आणि सकाळी वॉर्डात शिरला की पहिल्या खाटेपाशी उभा राहून म्हणायचा, "शून्य? वा रे बहाद्दर!" नवीन पेशंटचं तोंड पडायचं ते दुपारपर्यंत उठायचं नाही.

त्याचं असं होतं की मामाने हट्टाला पेटून तिथे एक चार्ट सुरू करवला होता. पेशंटचा श्वास, नाडी, बीपी, ताप, अंगातला ऑक्सिजन आणि माणूस नीट शुद्धीवर आहे की बरळतोय, हे सगळं सिस्टरने ठरल्या वेळी बघायचं. जे ठीक आहे त्याला शून्य, आणि जितकं बिघडलेलं तितके जास्त मार्क. बेरीज चढली की पेशंट कितीही हसत-बोलत असला तरी डॉक्टरने हातातलं काम टाकून यायचं. "माणूस एकाएकी जात न्हाई," मामा म्हणायचा. "आधी सांगत असतो. आपलंच ध्यान नसतं." बाकीचे डॉक्टर पाठीमागे त्याला हेडमास्तर म्हणायचे. मामाला ते कळलं होतं आणि आवडलंही होतं.

मी शिरूर अनंतपाळहून अकरावीला त्याच्या घरी राहायला आले, तेव्हा हे खूळ हॉस्पिटलात मावत नव्हतं. मामी जिना चढून आली की हा पेपर खाली करून जाहीर करायचा, "तुला दोन." मामी म्हणायची, "माझे दोन राहू द्या, दूध उतू चाललंय तिकडं बघा." एकदा उदगीरच्या स्टेशनावर बाकड्यावर झोपलेल्या एका भल्या माणसाला त्याने हलवून उठवलं आणि विचारलं, "हे गाव कोणतं?" तो डोळे चोळत म्हणाला, "तुम्हालाच ठाऊक न्हाई, तर मला कशाला उठवलं?" मामा समाधानाने आमच्याकडे वळला, "शुद्धीवर हाय." आणि फिजिक्सच्या टेस्टमध्ये मी दिवे लावले तेव्हा मामीने घर डोक्यावर घेतलं, पण मामाने माझ्या कपाळाला हात लावला, मला जेवताना पाहिलं आणि म्हणाला, "ताप न्हाई, दोन भाकरी खाल्ल्या. मग बिघडलं काय?" त्या वर्षात लातुरात माझ्याशी इतकं प्रेमाने कुणी बोललं नाही.

माझ्या बाबांना मात्र हे सगळे थेर वाटायचे. मामा म्हणजे त्यांचा धाकटा मेव्हणा, पण ते त्याला "डॉक्टर" म्हणत आणि त्या शब्दात जेवढा टोमणा बसेल तेवढा बसवत. "डॉक्टर, शाळा सुटली तेव्हाच परीक्षेला हात जोडले मी," असं म्हणून ते तपासायला अंगाला हात लावू देत नसत. मग एका हिवाळ्यात त्यांच्या छातीत न्यूमोनिया शिरला आणि मुकाट्याने त्याच वॉर्डात झोपावं लागलं. दोन दिवसांत उतार दिसला. उशाशी बसलेल्या आईशी सोयाबीनच्या भावावरून हुज्जत घालण्याइतके ते बरे होते, म्हणून मामा मला आणि मामीला घेऊन नांदेडला एका लग्नाला गेला.

पंगतीत बसलो होतो तेवढ्यात मामाला आईचा फोन आला. आवाज असा फुललेला की शेजारच्यांनाही ऐकू जावा. "बाबू, तुझ्या दाजींचे मार्क वाढले बघ! काल दोन होते, आज सहा पडले. सिस्टर तर सांगायला पळतच गेली. वॉर्डात वाटायला पेढे आणू का बर्फी?"

मामा उष्ट्या हाताने उठला. "अक्का, कुठं जाऊ नको. दाजींपाशी थांब," एवढंच बोलला. गाडीत त्याने वॉर्डात फोन लावला. सिस्टर पळत गेली होती ती डॉक्टरला आणायला. डॉक्टर आला तेव्हा बाबा त्यालाही "मला काय धाड भरलीय" म्हणत होते, पण त्यांचा श्वास जोरात चालला होता आणि ऑक्सिजन उतरत होता. त्यांना तेव्हाच आयसीयूत हलवलं होतं. माझे बाबा जातात की काय, एवढंच लातूर येईस्तोवर माझ्या डोक्यात चाललं होतं. मामाच्या बाहीला वरण वाळून गेलं होतं.

बाबा वाचले. उशीर झाला असता तर वाचले नसते, असं तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं. आई पदर तोंडाला लावून मामावर उखडली, "आधी सांगायचं न्हाई का? अख्ख्या लातुरात मार्क वाढले की पेढे वाटतेत. मला काय माहीत तुझी उलटी शाळा!" मामा तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चुकलंच माझं, अक्का," आणि लहान पोरासारखा रडला. दुसऱ्याच दिवसापासून प्रत्येक खाटेपाशी तो नातेवाईकांना आधी हे समजावून सांगू लागला.

आता मामा रिटायर होऊन घरी असतो. त्याला विसर पडत चाललाय. मामीला हाक मारायची तर नाव आठवत नाही, मग नुसताच बघत राहतो. बाबा मात्र अधूनमधून शिरूरहून एसटीने जातात आणि जाऊन त्याच्यासमोर बसतात. मागच्या खेपेला मीही होते. मामाने बाबांचं मनगट धरलं आणि त्यांच्या छातीकडे बघत श्वास मोजायला घेतले. मध्येच आकडा हरवला. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा हरवला. मी म्हणाले, "बाबा, चहा गार व्हायलाय." बाबांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि ते सावकाश, एका लयीत श्वास घेत राहिले, मोजणाऱ्याला सोपं जावं म्हणून.

बऱ्याच वेळाने मामाने मान वर केली. चेहरा कावराबावरा झाला होता. "किती झाले हो, दाजी?"

"शून्य, डॉक्टर," बाबा म्हणाले.

मामा असा काही हसला की मला रडू आवरेना. बाबांनी हात सोडवून घेतला नाही.