शोताचं हेल्मेट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी ऑफिसातल्या फुटकळ कुरबुरीसुद्धा रोज सांगतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आणि आता हे एकट्याने वागवणं मला झेपेनासं झालंय, म्हणून.

जपानमधल्या त्या मोठ्या भूकंपाला आणि त्सुनामीला तीन वर्षं झाली होती तेव्हा मी पुण्याहून नागोयाला आलो. शहराबाहेरचं एक छोटं कॉलेज, तिथली प्रयोगशाळा, वर्षावर्षाचा करार. खिडकीतून मैदान दिसायचं. संध्याकाळी वीस-बावीस पोरं तिथे अमेरिकन फुटबॉल खेळायची — खांद्यांवर पॅड, डोक्यावर हेल्मेट आणि एकमेकांवर धाडधाड आदळणं. मला तो निव्वळ खुळेपणा वाटायचा. एकदा सहज खाली उतरलो, तर मोरिशिता-सानांनी माझ्या हातात पाण्याच्या बाटल्या कोंबल्या. झालं, अडकलो.

मोरिशिता-सान — 'सान' म्हणजे आपलं 'साहेब' — त्या संघाचे कोच. त्या कॉलेजात हा खेळ आणला त्यांनीच, तेव्हा तिथे कुणाला नियमही माहीत नव्हते. दुसऱ्या कॉलेजांनी टाकून दिलेली हेल्मेटं आणून त्यांनी घरी रंगवली होती. दिवसा मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, संध्याकाळी मैदान. करंडक एकही नाही. मोठ्या कॉलेजाने कधी बोलावलं नाही. तिशीत आलेला माणूस तिथेच साठीचा झाला.

माझं जपानी त्यांनीच घडवलं. बाकीचे माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलायचे. हे नाही. हे भडाभडा बोलायचे, चुकलो तर चारचौघांत झापायचे. या देशात मला घरचं वाटलं ते तेवढंच.

त्यांचा एक नियम होता. कुणाच्या डोक्याला मार लागला की त्याला बाहेर घ्यायचं आणि त्याचं हेल्मेट काढून माझ्याकडे द्यायचं. पोरगा कितीही म्हणाला मी बरा आहे, तरी परत द्यायचं नाही. हेल्मेट नाही तर खेळ नाही. ते सांभाळणं, एवढंच माझं काम.

मी घोळ घालतोय — कळतंय मला. सांगतो.

तिसऱ्या वर्षीचा शेवटचा सामना. आम्ही थोडक्यात मागे होतो, आणि तेही एका नावाजलेल्या संघासमोर. शोता नावाचा आमचा शेवटच्या वर्षाचा खेळाडू टक्कर होऊन पडला, उठला, आणि भलत्याच बाजूला चालू लागला. मोरिशिता-सानांनी त्याला धरून बाहेर आणलं, हेल्मेट माझ्या हातात दिलं. म्हणाले, "आज हा खेळणार नाही. मी मागितलं तरी देऊ नकोस."

याहून स्पष्ट काय सांगायचं असतं?

मग दुसऱ्याच एका पोराचा पाय मुरगळला आणि मोरिशिता-सान मैदानाच्या त्या टोकाला धावले. शोता माझ्याजवळ आला. आता बरं वाटतंय म्हणाला. मी नाही म्हटलं. पुन्हा आला, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा त्याने मान झुकवली आणि म्हणाला, "कोच, प्लीज."

मला तोवर कुणी कोच म्हटलं नव्हतं. पाणी देणारा माणूस मी.

मी हेल्मेट दिलं.

तो आत पळाला. मोरिशिता-सान तिकडून ओरडत आले, पण खेळ सुरू झाला होता. या वेळी शोता उठलाच नाही.

तो जगला. पण वाक्य अर्ध्यावर विसरायचा, सख्ख्या बहिणीचं नाव आठवायला त्याला वेळ लागायचा. वडील त्याला गावी घेऊन गेले. कॉलेज सुटलं. मी एकदाही भेटायला गेलो नाही — काय तोंडाने जाणार होतो?

मग चौकशी. लांब टेबल, पलीकडे कॉलेजची तीन माणसं, अलीकडे मी आणि मोरिशिता-सान. ते एवढंच म्हणाले, जबाबदारी माझी. मला विचारलं, कोचनी सूचना दिली होती का? मी तोंड उघडायच्या आत त्यांच्यातले एक जण अगदी आपुलकीने म्हणाले, "सूचना जपानीत होती. तुम्हाला नीट कळली नसेल, हो ना?"

मार्चमध्ये माझा करार संपत होता. बायको गरोदर होती. ही कारणं नाहीत, त्या क्षणी डोक्यात होतं ते सांगतोय.

मी होकारार्थी मान हलवली. एक शब्दही बोललो नाही, नुसती मान. मोरिशिता-सानांनी वळून एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागले.

निष्कर्ष निघाला: भाषा न येणाऱ्या परदेशी माणसावर एवढं जोखमीचं काम सोपवलं, हा कोचचा हलगर्जीपणा. त्यांनी शोताच्या आईवडिलांसमोर कमरेत वाकून माफी मागितली आणि राजीनामा दिला. संघ बंद झाला. साऱ्या आयुष्याचं काम, माझ्या एका मानेच्या हलवण्याने गेलं. माझा करार वाढला.

गेल्या वर्षी मुलीला घेऊन स्टेशनच्या सायकल पार्किंगमध्ये गेलो. तिथे रखवालदाराचं जाकीट घालून ते उभे होते, शेजारी त्यांचा एक सहकारी. त्यांनी मला ओळखलं, डोळ्यांतच दिसलं ते. आणि ते बोलले — सावकाश, एकेक शब्द सुटा करून, हातांनी खुणा करत. सायकल. इथे, नाही. तिथे.

माझ्याशी ते असे कधीच बोलले नव्हते. मी काय केलं असेल? मान हलवली.

मुलीला राग आला. सात वर्षांची आहे, जन्मापासून इथलीच. जपानीत फटकन म्हणाली, "आजोबा, माझ्या बाबांना सगळं नीट कळतं."

"माहीत आहे मला," मोरिशिता-सान म्हणाले.

सायकल त्यांनी दाखवली तिथे लावली. जिना चढताना मुलीने विचारलं, ते तुमच्या ओळखीचे आहेत का?

मी नाही म्हणालो. अस्खलित जपानीत.