पावणेबत्तीस

उमरखेडात लेथ मशीन चालवणारी बाई एकच, बिस्मिल्लाबी. शाळा चौथीपर्यंतची, पण गुरुजींनी घोकून घेतलेले पावकी-सवायकीचे, म्हणजे पाव-सव्वापटीचे, पाढे अजून जिभेवर. नवऱ्यामागे तिने दुकान हातात घेतलं, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. आता तेच लोक मोडके दांडे घेऊन तिच्या दारात उभे राहतात.

त्या दिवशी जवळच्या गावच्या सरपंच विमलताई आल्या, सोबत पाणीपुरवठ्याचा नवा इंजिनिअर नयन. पंपाचा दांडा मोडला होता, गाव तीन दिवस कोरडं. चांगल्या पोलादाचा तुकडा यवतमाळात शोधून एकच मिळाला होता. नयनने कागद पुढे केला. जाडी ३२ मिलिमीटर.

"हे माप कशावरून काढलं?" बिस्मिल्लाबीने विचारलं.

"मोडक्या दांड्यावरून. झिजला होता, म्हणून आकडा पूर्ण केला. बेअरिंग पंपातून निघत नाही, त्याचं भोक मोजता आलं नाही."

बिस्मिल्लाबीच्या कपाळाला आठ्या पडल्या. दांडा जाड राहिला तर बेअरिंगात शिरणार नाही, ठोकून घातला तर बेअरिंग फुटेल. बारीक झाला तर थरथरेल, आणि कापलेलं लोखंड परत चिकटत नाही. पोरगा हुशार, यात वाद नाही; पण पंप त्याच्या जन्माआधीचा होता.

"पंपाच्या नटाले कोनता पाना लागते?"

"तेराचा ढिला पडतो, बाराचा जात नाही. शेवटी मेकॅनिककडून चार सुती आणला."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बिस्मिल्लाबीचा चेहरा उजळला. पंप इंचाच्या जमान्यातला, आणि बत्तीसच्या जवळचं इंची माप एकच, म्हणजे दांडा सव्वा इंची. इंचाचे मिलिमीटर पंचवीस आणि वर चार दशांश. ती पुटपुटली, "पंचवीस सवाई सव्वाएकतीस. चार दशांश सवाई पाच दशांश, म्हंजे अर्धा. झाले पावणेबत्तीस."

"पाव मिलिमीटरनं काय होते बाई?" विमलताई म्हणाल्या.

"तुमचं गाव उद्या पन कोरडं राहते."

असं ठणकावून तर बोलली, पण मशीन सुरू करण्याआधी तिने हिशेब पुन्हा एकदा पुटपुटून पाहिला. हिशेब चुकला तर दुसरा तुकडा नव्हता. शेवटचे दोन पापुद्रे काढताना तिने चारदा मोजलं.

संध्याकाळी नयनचा फोन आला. "चाची, अंगठ्यानं दाबला अन् बसला."

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच आला. कागदावरचे ३२ खोडून त्याने अक्षरात 'पावणेबत्तीस' लिहिलं होतं. विमलताईंनी गावच्या नळाच्या पाण्याची बाटली भरून पाठवली होती.

बिस्मिल्लाबीने कागद बाजूला ठेवला आणि आधी पाणी प्यायली.