पट्टी कोण लपवतं?

पट्टी पुन्हा गायब झाली तेव्हा बारा वाजून गेले होते आणि जैनीची जीप दोनला होती.

जैनी भामरागडकडच्या गावातली. जंगलाला लागून तिचं शेत आहे. त्याचा वनहक्काचा दावा नामंजूर झाला होता. त्यावर अपील करायचं होतं आणि मुदत त्याच दिवशी संपत होती. पुलावरचं पाणी चार दिवसांनी उतरलं, तेव्हा कुठे ती आलापल्लीला माझ्या दुकानात पोहोचली. दोनच्या जीपने अपील प्रांतसाहेबांच्या ऑफिसला गेलं तर ठीक. नाहीतर शेत हातचं जाणार.

मी अर्ज टाइप करते. शिक्षण चौथी. नवरा वारला तेव्हा त्याची मराठी टाइपची मशीन घरात पडून होती, तिच्यावर शिकले. पुढे कॉम्प्युटर घेतला. इंग्रजी मला वाचता येत नाही. बटणं मी चित्रावरून आणि जागेवरून ओळखते. आजवर कोणाचं काम अडलं नाही.

अडलं ते नवा कॉम्प्युटर आल्यावर. त्यात टाइपचा प्रोग्रामही नवा. पानाच्या वर बटणांची एक रुंद पट्टी. तिच्या डोक्यावर नावं, होम, इन्सर्ट वगैरे. ज्या नावावर दाबाल त्याची बटणं पट्टीत दिसतात. अक्षर जाड करणं, तक्ता घालणं, सगळं तिथेच. पंधरा दिवसांत ही पट्टी कितीदा तरी नाहीशी झाली. नावं तेवढी राहत, खालची बटणं साफ.

माझा संशय विलासवर होता. विलास शेजारचा मोबाइल दुरुस्तीवाला. कॉम्प्युटर त्यानेच आणून बसवला. त्याला माझा गाळा हवा आहे. "बाई, किती दिवस डोळे फोडता, आता आराम करा, गाळा मले द्या," हे तो चहा पिता पिता दहा वेळा बोललाय. मशीन बिघडत राहिली की म्हातारी कंटाळून उठेल, असा त्याचा हिशेब असणार. शिवाय पट्टी गेली की मी त्याच्यावर ओरडायची आणि थोड्या वेळाने ती परत यायची. घाबरून परत आणतो, असं मी धरलं होतं.

त्या दिवशी सकाळी मी माउसवर रुमाल टाकून, त्याची घडी नीट लक्षात ठेवून पाणी भरायला गेले होते. आले तेव्हा घडी जशीच्या तशी. बसले, जैनीचा मजकूर टाइप केला. चतुःसीमेचा तक्ता तेवढा राहिला. शेताच्या चारही बाजूंना काय आहे ते त्यात लिहायचं असतं. हाताने रेघा मारलेला कागद परत आलेला मी पाहिला आहे, म्हणून तक्ता टाइपातच हवा होता. इन्सर्टवर गेले आणि पट्टी गायब.

मी कशालाच हात लावला नाही. चोरी झाली तर जागा तशीच ठेवतात. दारातून हाक मारली.

"विलास! इकडं ये. काय केलं तू?"

"आता मी काय केलं, बाई? सकाळपासून दुकानातून हाललो नाई."

"मग पट्टी कुठी गेली?"

तो आला. माउस धरला, काहीतरी टकटक केलं. पट्टी हजर.

"पाहा," मी म्हटलं, "लपवणाऱ्यालेच जागा माहीत राहते."

"काऊन खोटे आरोप करून राह्यल्या तुम्ही? गिऱ्हाईक बसलं आहे माझ्याकडं." तो तणतणत गेला.

मी पुन्हा इन्सर्टवर गेले. पट्टी गायब. विलास तर त्याच्या दुकानात. मग मला इंटरनेटची वायर दिसली. ती त्याच्याच दुकानातून माझ्याकडे आली आहे. म्हणजे हा तिथे बसून करतो. मी वायर उपटली आणि इन्सर्टवर दाबलं. पट्टी आली.

"पाहिलं?" मी जैनीला म्हटलं. "वायरीतून करत होता."

खात्रीसाठी आणखी एकदा दाबलं. पट्टी गेली.

वायर माझ्या हातात होती. तिकडचं टोक हिसकलं असणार, पलीकडून विलास ओरडत होता, "बाई, वायरीले हात लावला का?" एक वाजायला आला होता.

जैनी माझ्या शेजारीच बसली होती. तिला मराठीही वाचता येत नाही. पण ती माझ्या बोटाकडे पाहत होती.

"बाई, तू दोनदा ठोकते," ती म्हणाली. "दोनदा ठोकलं का ते लपते. आणखी दोनदा ठोकलं का निंगते. त्या पोरानं बी दोनदाच ठोकलं."

"दोनदाच ठोकावं लागते."

"एकदा ठोकून पाहा ना. तुझं काय जाते? माझं शेत जाते."

मी दोनदा ठोकून पट्टी आणली. मग इन्सर्टवर एकदाच दाबलं. पट्टी जागची हलली नाही. तक्त्याचं चित्र समोर होतं.

चूक अशी होती. जुन्या प्रोग्राममध्ये पट्टी नव्हती, वरच्या नावाखाली यादी उघडायची. एकदा दाबलं की अर्धीच यादी दिसे, रोज वापरतो तेवढी. दोनदा दाबलं की सगळी. कधी कुठलं काम लागेल सांगता येत नाही, म्हणून मी कायम दोनदाच दाबायची. बोटाला तेच वळण लागलं. नव्यात दोनदा दाबणं म्हणजे पट्टी मिटणं, पुन्हा दोनदा म्हणजे उघडणं. पंधरा दिवस मीच लपवत होते आणि मीच परत आणत होते. मधल्या वेळात विलासला शिव्या देत होते.

तक्ता भरला. पूर्वेला नाला, पश्चिमेला पांदण रस्ता, उत्तरेला जंगल, दक्षिणेला दिराचं शेत. जैनीने माझ्याकडून दोन वेळा वाचून घेतलं. प्रिंट काढली, तिचा अंगठा घेतला. दोनला दहा कमी असताना ती जीपकडे पळाली.

मी वायर जागेवर लावली आणि विलासला चहाला बोलावलं. काय झालं ते सांगितलं.

"म्हणजे चोर घरातच होता," तो म्हणाला.

"चहा पी."

चहा पिऊन त्याने एक काम केलं. पट्टीच्याही वर बटणांची एक बारीक ओळ असते. पट्टी मिटली तरी ती मिटत नाही आणि तिच्यात आपल्याला हवी ती बटणं ठेवता येतात. मला रोज लागणारी चार त्याने तिथे आणून बसवली: सेव्ह, प्रिंट, तक्ता आणि जाड अक्षर. हे त्याने पहिल्याच दिवशी केलं असतं तर बरं झालं असतं, आणि ते मी त्याला बोलूनही दाखवलं.

"आता सोपं झालं ना, बाई? मग गाळ्याचं काय?"

"नाई."

आठवड्याने जैनी आली. अपिलाच्या प्रतीवर त्याच दिवसाचा शिक्का होता. निकाल अजून आलेला नाही. तोवर शेत ती कसते आहे.

आता काही गायब झालं की मी आधी माझं बोट पाहते. मग विलासकडे पाहते. गाळा त्याला अजून हवाच आहे.